बिनसाखरेची वाइन

—नाई नाई काकू, तुमी बसा न जी, मी उभाच बरा. वैभवभाऊ औषधं आणाले खाली गेले न? मंग सांगतो. पण हळूच आयका — दवाखाना हाय, आन जिल्हा आपला दारूबंदीचा. मी काकाले वाइन देत होतो. संत्र्याची, घरी केलेली. असं पाहू नका माह्याकडं! गावठी नाई ते — मोबाइलवर अमेरिकेतल्या एका माणसाची कृती भेटली, आन म्या सगळं मोजून केलं. त्याच्यात सगळं गॅलनमंधी. गॅलन म्हणजे काय? पावणेचार लिटर आन वर थोडंसं, तेही अमेरिकेचं — इंग्लंडचं गॅलन आणखी वेगळं. साखर दोन पौंड, म्हणजे नवशे ग्राम, काट्यावर तोलून घेतली. काका हासे, म्हणे आदेश, तू त सोनारावानी तोलतं रे.

तुमी म्हणसान, शुगरच्या माणसाले काऊन देल्ली? अवो, तेच त सांगून राह्यलो — वाइनमंधी ईस्ट टाकतेत, खमीर हो, ते साखर खाते! पुरी खाते, तिचीच त दारू होते. काकालेही मी हेच सांगतलं — बिनधास्त घ्या, साखर उरतच नाई. तुमी मंदिरात गेल्या का गच्चीवर एक गिलास. मंग दोन. काका म्हणे, चढत काई नाई रे, पण गोड लय लागते... गोडाले तरसलेला माणूस, खुश होते बिचारे. म्हणून काल वैभवभाऊ तुमच्यावर ओरडले न — "आई, तूच बाबाले काई गोड देल्लं असन, नाईतर शुगर पाचशे कशी?" — तवा मी इथंच उभा होतो. आन गप राह्यलो. खोटं काऊन बोलू, मलेही वाटलं, देल्ला असन काकूनं एखादा पेढा. माहा त हिशोब पक्का होता न.

काय म्हणते सिस्टर? ताप शंभर? मंग भेवाचं काई नाई काकू, शंभर म्हणजे अंग जरासं कोमट —

थांबा जी. त्या कृतीत लिवलं होतं, पाणी शंभर डिग्री झालं का ईस्ट टाका. गॅलनचे लिटर केले, पौंडाचे ग्राम केले, आन डिग्रीले काय करायचं, डिग्री त डिग्रीच — म्या खळखळ उकळत्या पाण्यात टाकली. शंभरवर पाणी उकळते, शाळेत शिकलो न आपण. पण त्या अमेरिकावाल्याचा शंभर... तो हा असन. तापाचा. कोमट. मंग ईस्ट त मेलीच न काकू? टाकल्याबरोबर मेली. तिनं साखर खाल्लीच नाई. सगळी तशीच राह्यली, आन मी काकाले रोज पाक पाजला, माह्या हातानं, आन बोलणे खाल्ले तुमी.

रडू नका जी. उठता कायले, बसा — आले वाटते ते. वैभवभाऊ, इकडं या. नाई, आईले काई विचारू नका. मले विचारा.