न गेलेली तीन पत्रं

(आटपाडीजवळच्या एका गावची शाळा, १९४३. पोरं घरी गेलीत. पलटणीतल्या अर्जुनानं गावातल्या दोस्ताला धाडलेलं पत्र घेऊन त्याची आई भामाबाई मास्तरांकडं आलीय.)

भामाबाई : आवं मास्तर, फिरून वाचा. 'आई' म्हंतोय तितनं.

मास्तर : "आईनं वर्षभरात एक ओळ धाडली नाही. न विचारता पलटणीत आलो म्हणून तिनं मला टाकलं. रजा मिळतेय, पण येऊ कुणाकडं? पुढं जाणाऱ्या तुकडीत मी नाव दिलंय."

भामाबाई : पुढं म्हंजी कुटं?

मास्तर : लढाई चाललीय तिथं.

भामाबाई : आन् माजी तीन टपालं? हितंच बसून सांगितली की तुमास्नी. माजा राग कवाच गेला, बाळा, घरला ये. तुमी खाली मान घालून लिवत हुता. कुटं गडप झाली ती?

मास्तर : गेलीच नाहीत, भामाबाई.

भामाबाई : आँ?

मास्तर : लिहिलीच नाहीत मी. नुसत्या रेघोट्या ओढल्या. टाक धरला की बोटं मुरगळतात, मनगट उलटं फिरतं.

भामाबाई : थापा मारू नगासा! सकाळीच पोहरा वडताना बघितलंय मी. भाकरी मोडता, पोरांच्या पाठीत धपाटं घालता, आन् माज्याच टपालाला हात मुरगळतोय व्हय?

मास्तर : तेच तर! सगळं करतो हा हात. लिहायला बसलो की वैरी होतो. मिरजेला डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, हात धड आहे. मेंदू हाताला हुकूम देतो, तो लिहितानाच चुकतो. औषध नाही.

भामाबाई : मग त्याच दिशी सांगायचं हुतं!

मास्तर : लिहिता न येणारा मास्तर कोण ठेवील हो? घरात पाच तोंडं आहेत. वाटलं, आठ दिवसांत सुटेल हात, मग तिन्ही एकदम लिहू. सुटलाच नाही.

भामाबाई : तुमच्या नोकरीपायी माजं लेकरू मरणाच्या तोंडी गेलं की वो! तळपट हू दे त्या हाताचं!

मास्तर : द्या शिव्या. मी रोज देतो.

भामाबाई : शिव्या दिऊन अर्जुना यील का?

मास्तर : चौथीतल्या एखाद्या पोराला बोलावतो. आत्ता लिहून घेऊ.

भामाबाई : न्हाई. दुसऱ्याच्या हातावर इस्वास ठिवून वरीस घालवलं. आता मी लिवणार.

मास्तर : अहो, तुम्हाला अक्षर येत नाही.

भामाबाई : फळ्यावर तर लिवता न्हवं तुमी? खिडकीतनं दिसतंय की.

मास्तर : हो. उभ्यानं, मोठं मोठं, तेवढं जमतं. का, ते मलाही कळत नाही.

भामाबाई : मग 'ये' काढा. तेवढंच.

मास्तर : हे बघा.

भामाबाई : एवढंसंच? एवढ्यासाठनं वरीस गेलं माजं?

मास्तर : हो.

भामाबाई : कवा पोचंल?

मास्तर : दीड महिना. दोनही लागतील.

भामाबाई : तवर त्यो पुढं गेला नसंल न्हवं? मास्तर, त्यो असंल न्हवं?

मास्तर : टाक सैल धरा, भामाबाई. माझ्याकडं नको, फळ्याकडं बघा.