हलकं धनुष्य कुणासाठी

नाही, चहा नको, आणि मला कपाटही करून घ्यायचं नाहीये. एवढंच सांगा रहीमभाई, हे लाकूड तुमच्याच वखारीतलं ना — मग झालं. म्हणजे टिंबर मार्केटला येतात एवढं तरी खरं बोलतात. अहो, श्यामसुंदर बेहेरे म्हणून कर्वेनगरहून येतात ना, जाड चष्म्याचे — मी त्यांची बायको, मंदाकिनी. आता तसं दचकायला काय झालं? बायको असते माणसाला.

तर गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी हे इकडे. निवृत्त झालेला माणूस, घरात बसून माझ्या स्वयंपाकात नाक खुपसत होता, बाहेर पडतोय हे बरंच की. मग गॅलरीत रंधा आला, कानस आली, माझ्या तुळशीत भुसा. विचारलं तर म्हणे इंग्लिश लाँगबो करतोय — उभ्या माणसाएवढं धनुष्य, अख्ख्या एका लाकडाचं. करा म्हटलं. लोक पेटी शिकतात, आमच्याकडे धनुष्य. तुमच्याकडून आधी धामणाचं लाकूड नेलं, बरोबर? चिवट असतं, वाकतं पण मोडत नाही, साग कटकन मोडतो, बाभूळ जड — हे सगळं मला जेवताना ऐकवून झालंय. आणि मग एक दिवस ते घासून गुळगुळीत केलेलं धामण माळ्यावर टाकलं. का, तर ओढायला फार जोर लागतो, आता तुती बघतो, हलकं पाहिजे. कुणाला हलकं पाहिजे? हा माणूस अजून भरलेलं सिलिंडर एका हातानं सरकवतो. स्वतःसाठी नाही, आणि माझ्यासाठी तर नाहीच, माझ्यासाठी त्यांनी साधा पोळपाट कधी — जाऊ दे. नाजूक हाताचं कुणीतरी आहे, एवढं मला कळतं. शनिवारी इस्त्रीचा शर्ट लागतो. खिशात श्रीखंडाच्या गोळ्या. मधुमेह आहे त्यांना, तुम्हाला माहीत नसेल. मग गोळ्या कुणासाठी?

हसू नका. किंवा हसा, पण सांगा — बरोबर कुणी असतं का? — असतं. वाटलंच मला. कशी आहे? वय काय असेल? — नुसता हात काय दाखवताय — अहो, हात इतका खाली कशाला नेताय? तुमच्या ह्या टेबलाएवढी?

मुलगी. लहान मुलगी.

नात म्हणाले? तुम्हाला असं म्हणाले, 'माझी नात'? चुकीचं ऐकलंत तुम्ही. आम्हाला नात नाही. आम्हाला मुलगी आहे एक, हेमा, मांजरी गावाकडे कुठंशी राहते म्हणे — आपल्या मनानं लग्न केलं तिनं, आणि मी सांगितलं, आता ह्या घरात यायचं नाही. योग्यच सांगितलं. आजही तेच सांगीन. हे तेव्हा मधल्या दारात उभे होते, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यानंतर घरात तिचं नाव निघालेलं नाही. फोन नाही, काही नाही. म्हणजे — मला नाही. ह्यांना येत असणार. सगळी वर्षं येत असणार, आणि मी इथं इस्त्रीचे शर्ट हुंगत बसले.

कोणत्या हातानं ओढते ती? सहज विचारतेय. तुमच्या फळ्यांपाशी उभी करून माप घेतलं असेल ना त्यांनी — डाव्या. नक्की डाव्या? बरं. हेमाही डावखुरीच. पंगतीत लोक बघतात म्हणून मी तिचा तो हात — ते असू दे, त्याचा तुमच्याशी काय संबंध.

तुम्ही हे मी आणलेलं लाकूड बघा आधी, ह्यांनी नेलेली तुती. इथं बोट फिरवा, मधोमध. लागलं ना? गाठ आहे ती. अजून रंधा मारलेला नाही त्यांनी, आणि मारला असता तरी दिसली नसती, मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलतात. पण तुमचे डोळे तर शाबूत आहेत? ओढताना इथंच मोडणार हे, आणि मोडलं की ढलपी कुठं उडेल? चेहरा केवढा जवळ असतो तिचा. की म्हातारा आहे, खपवा ह्याच्या गळ्यात? — बरं, नसेल तसं. मग दुसरं काढा. तुतीच, हलकंच. उभी रेघ टोकापासून टोकापर्यंत सलग पाहिजे. ही फळी नको. हिलाही चीर आहे. ती भिंतीकडची द्या, माझ्या हातात द्या — हं. हिला काही नाही. ही बांधा.

नाही, लपवूनबिपवून काही न्यायची नाही. आज जेवायला बसले की पानाशेजारी ठेवते आणि विचारते, बोला.

काय? — नाव? तिचं नाव तुम्हाला माहितीये?

थांबा. तुम्ही नका सांगू. ते मी त्यांच्या तोंडून ऐकणार. सुतळी नीट आवळा, रिक्षात सुटायला नको — आणि असे बघत उभे राहू नका माझ्याकडे, तिकडं तुमचं गिऱ्हाईक खोळंबलंय. जा.