मांडवातली अरुंधती

आदिलाबादच्या बसमध्ये नरसिंगराव अंग चोरून बसले होते. शाळेच्या खगोलशास्त्राच्या परीक्षेचं हॉलतिकीट त्यांनी पुस्तकात दडवलं होतं. या वयात हसं नको, पुढच्या थांब्यावर उतरून परत फिरावं, असं मनात चाललं होतं. समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं हुज्जत घालत होतं.

“दहावीच्या पोरायसंग बसून ताऱ्यायची परीक्षा देशीन? लोक हासतीन.”

“हासू द्या.”

“काऊन पण? काय अडलं तुयं?”

“लग्नात भटजीनं अरुंधतीची चांदणी दाखवली, आठवते?”

“आठवते ना. दिसली म्हणलो आपण.”

“भर दुपारी. वर मांडवाचं कापड.”

“सारेच म्हणतेत.”

“तुमी दिसली म्हणले, म्हणून मीबी म्हणलं. मंग जन्मभर तेच केलं. आता सोता पाह्यल्याबिगर हो म्हणत नाही.”

“अन् नापास झाली तं?”

“पुढच्या साली पुन्हा बसीन. तुमी डबा घेऊन या.”

बस थांबली. कोणी उतरणार का, कंडक्टरनं विचारलं. नरसिंगराव अर्धवट उठले होते. ते पुन्हा खाली बसले.

“नाही. मले परीक्षेले जायचं हाय. ताऱ्यायच्या.”

समोरच्या म्हाताऱ्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“घ्या, अजून एक.”