छातीवरचा सात

शिरूरच्या स्टँडाबाहेर साहेबराव शिंप्याच्या दुकानापुढं सरूबाई न्हावऱ्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. एक म्हातारा कोरा बनियन घेऊन दुकानात शिरला.

“इस्त्रीनं नंबर छापता ते तुम्हीच नव्हं? यावर सात पायजे.”

“छापतो की. पर जरा थांबा, आप्पा. पत्र्याखाली ठेवलेले छाप उन्हानं एकमेकाला चिकटल्यात. जपून सोडवावा लागंल.”

“सोडवा. पर छातीवर लावा.”

“कबड्डीचा ना? मग पाठीवर शोभंल.”

“छातीवरच लावा. माझ्या पोराला, पोपटला, काल शिक्रापूरला ट्रकनं उडवलं. आत्ता दवाखान्यातनं घरी आणलाय. अंगातला बनियन पार फाटला. पोरं म्हणत्यात, संघाच्या कपड्यातच न्यायचा. उताण्या माणसाची पाठ कुणाला दिसणार?”

साहेबरावानं सात अलगद सोडवला, छातीवर मधोमध ठेवला आणि इस्त्री दाबून धरली. न्हावऱ्याची गाडी लागली, तरी सरूबाई उठली नाही.

“झालं, आप्पा. आता दोन दिस धुवू नका, न्हाईतर...”

साहेबरावानं इस्त्री बाजूला ठेवली.

“न्हाई धुणार,” म्हातारा म्हणाला. त्यानं घडी न घालता बनियन दोन्ही हातांवर घेतला.