तो की ती

नाव वर नोंदल्याप्रमाणे, वय सव्वीस, काम रंगाच्या कारखान्यात कंट्रोल इंजिनिअर, राहणार कारखान्यामागील वसाहत. समोर बसवून विचारल्यावरून सांगते की,

मिश्रणाच्या टाकीत गाळ साचला होता. तो खरवडायला आमचे फिटर आत उतरणार होते. त्यांना सगळे नाना म्हणत. टाकीला दोन यंत्रे आहेत. रंग आत ढकलणारा पंप आणि पाती फिरवणारी मोटार. मोटार मधूनमधून आपोआप फिरते, त्यामुळे नुसते बघून ती बंद आहे की थांबली आहे हे कळत नाही. आमचा स्क्रीन बिघडला होता. कोणते यंत्र चालू, कोणते बंद हे यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीच्या परदेशी साहेबांना त्यांच्या ऑफिसातून दिसत होते. फोन माझ्याकडे होता.

मी आधी पंपाचे विचारले, लगेच मोटारीचे. आवाज उशिरा पोचत होता. उत्तर एकच आले, "इट इज ऑफ."

नाना टाकीच्या तोंडाशी बसले होते. म्हणाले, "काय म्हणतोय तुझा साहेब?"

"बंद आहे."

"अगं, पण तो की ती? पंप मी हातानं बंद केलाय."

मी म्हणाले, "इंग्रजीत यंत्रांना बाई-पुरुष नसतं, नाना. सगळ्यांना एकच शब्द."

"सुखी आहेत लेकाचे. मला मात्र एक काय ते सांग, पोरी."

माझा शेवटचा प्रश्न मोटारीचा होता. मी "ती" म्हणाले. साहेबांना परत विचारले नाही. नाना उतरले. त्यानंतर पाती फिरली.

साहेबांचे उत्तर पंपाबद्दलचे होते.

फिटर कोणालाही न विचारता आत गेला, असे मॅनेजरसाहेबांनी लिहून दिल्याचे मला समजले. दवाखान्याच्या जिन्यात ते मला म्हणाले, "तू लहान आहेस, यात पडू नकोस. गेलेला माणूस काही सांगायला येत नाही." वर नानांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी मला एवढेच विचारले, "ह्यांनी विचारलं होतं ना गं?"

नानांनी विचारले होते. दोनदा.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "तो आत उतरला" असे लिहिले होते. मी "ते उतरले" असे करायला सांगितले. हवालदार म्हणाले, "अर्थ तोच होतो, ताई." तरी दुरुस्ती करून घेतली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.