सलीमनं सोडलं नाय

मी जिल्ह्याचा हेवीवेट चॅम्पियन हाय खरा, पण झालो कसा ते ऐका. फायनलला समोर खुलताबादचा सलीम. त्याचा एक ठोसा माझ्या कानशिलावर बसला आन् माझ्या पायातलं बळच गेलं. तेवढ्यात त्यानं मला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"ब्रेक!" रेफरी ओरडले.

सलीम सोडंना. असं धरून ठेवणं म्हंजे फाउल. एक वॉर्निंग झाली, दुसरी झाली. त्याचे कोच खालून बोंबलत होते, "सोड त्याला, बाद होशील!"

सलीम माझ्या कानात म्हणाला, "डोळे उघड, भाई. सोडलं तर डोक्यावर पडशील तू."

तिसऱ्या वॉर्निंगला तो बाद झाला. रेफरींनी विजेता म्हणून माझा हात वर केला, तवा दुसऱ्या बगलेतून सलीमच मला धरून उभा होता.