झोळीतला वरवंटा

आधी ह्यो माईक बाजूला सारा, मिशीला लागून राहिलाय! आन् मला उभं करायचं कुणाच्या डोक्यात आलं? मेळावा बचत गटाचा, खुर्च्या बायकांच्या, चहा बायकांचा, आन् बोलायला कोण? तर शंकरप्पा! का? तर म्हणे, "आबा, ती बसमधली गंमत सांगा." गंमत? भर रस्त्यात माझी इज्जत गेली, आन् तुम्हाला गंमत वाटून राहिली? चौथीत मास्तरनं कान पिरगाळला तवा शाळा सोडली, त्यानंतर चार माणसांपुढं कधी तोंड उघडलं न्हाई. पण सांगतो. एकदाच सांगतो, आन् मग तुम्हीच ठरवा, ह्यात माझं काय चुकलं?

तर तुम्हाला सांगतो, माझा धंदा बैलाच्या झुलींचा. चाळीस वर्षं ह्याच औशाच्या बाजारात झुली शिवल्या, गळ्यातले पट्टे शिवले... एक दाभण आन् मेण लावलेला दोरा, बस. माझ्या हातचा पट्टा बैल म्हातारा झाला तरी तुटत नव्हता. मग आले ट्रॅक्टर. आता ट्रॅक्टरला कोण झूल घालतंय? बसलो घरी, माशा मारत.

घरात सून, वर्षाराणी. आमची नात सृष्टी झाली तवा तिनं सासूच्या जुन्या इरकली लुगड्याची एक झोळी शिवली. लेकरू पोटाशी बांधायचं आन् हात दोन्ही मोकळे, भाकरी थापा, मशीन चालवा, काय पण करा. शेजारणीनं बघितली, तिला पाहिजे. तिच्या भैणीनं बघितली, तिला पाहिजे. मग मोबाईलवर फोटो, मग उमरीहून फोन, नांदेडहून फोन, आन् झोळीचं नाव झालं बेबी कॅरिअर! मी म्हणलो, "बाई, ही झोळी हाय." ती म्हणाली, "मामा, झोळी म्हणलं की फुकट मागतात, कॅरिअर म्हणलं की विकत घेतात." घ्या!

पण खांद्याचा पट्टा ती मशीनवर मारून राहिली होती. मी एकदा धरला आन् वढला... टर्र! म्हणलो, "ह्याच्यात काय लिंबं ठिवायचीत का? लेकरू ठिवायचंय!" रुसली. दोन दिवस चहात साखर कमी. तिसऱ्या दिवशी गुपचूप सगळे पट्टे माझ्यापुढं आणून टाकले. तवापासून पट्टा माझा, बाकीचं तिचं. दुसऱ्याच्या पोटचं लेकरू माझ्या टाक्यावर लटकणार, म्हणून रोज आठ-आठ तास दाभण घिऊन बसून राहिलो. ह्यात माझं काय चुकलं, सांगा?

आता मधीच एक घरातलं सांगतो. माझा पोरगा सुदर्शन पुण्याकडं कंपनीत हाय. त्याचं एकच टुमणं, "वर्षा, मशीन विक, सृष्टीला घे आन् इकडं ये, किती दिवस असं तुकड्या-तुकड्यानं राहायचं?" त्याचं तरी काय चुकलं म्हणा! आन् तेवढ्यात लातूरच्या गंजगोलाईतला एक दुकानदार, आलोकशेठ, त्याचा फोन. "शनिवारी बाराच्या आत नमुना दाखवा. पसंत पडला तर दर महिन्याला माल घेतो. बारानंतर मी सोलापूरला चाललो." दर महिन्याला! वर्षाराणी म्हणाली, "मामा, हे जमलं तर मी पुण्याला कामून जाऊ? सुदर्शनच येतील हिकडं." मी दोऱ्याला मेण लावत राहिलो. पण विचार करा, सृष्टी गेल्यावर घरात उरणार कोण? मी आन् तिची आजी. पंचेचाळीस वर्षं बघून राहिलोत एकमेकाच्या तोंडाकडं, त्यात आता नवीन काय निघणार?

शनिवार उजाडला आन् सृष्टीला ताप! वर्षाराणी तिला घिऊन दवाखान्यात. मोबाईल घरीच, गिऱ्हाईकाचे फोन येतात म्हणून सासूजवळ ठिवलेला. जाता जाता म्हणाली, "मामा, तुम्हीच जा. पण पिशवीत घालून न्या हो." मी म्हणलो, पिशवीत न्हाई. जी झोळी मी स्वतः गळ्यात बांधून औशाहून लातूरला जाऊ शकत न्हाई, ती दुसऱ्याच्या लेकराला द्यायची न्हाई. बोला, चुकलं का काही?

दारातच सुदर्शनची माय आडवी आली. "रिकामी झोळी बांधून निघालात? रिकामा पाळणा कुणी हलवतंय का कधी? लेकराचं पोट दुखतंय त्यानं! घरात पोरगी फणफणलीय, आन् तुम्ही..." मी म्हणलो, "मग काय घालू त्याच्यात?" तर ही गेली आत आन् वरवंटा घिऊन आली! बारशाला पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा घालतात ना, तसा. तसा म्हणजे अगदी तसा! त्याला कुंची घातली, टोपडं बांधलं, काजळानं डोळे काढले, आन् गालाला तीट. "अगं, दगड हाय त्यो!" "असू द्या. बसमधली माणसं कसल्या नजरेची असतात, काय सांगावं."

चार किलोचा दगड! पण म्हणलो बरं हाय, पट्ट्याची परीक्षा होऊन जाईल. निघालो.

बसमध्ये जागा मिळाली. मिळणारच की, लेकरू बघून लोक टुणकन उठले. शेजारी एक बाई, गोदावरी मॅडम, रिटायर मास्तरीण. बोलणं असं की जणू पुस्तक वाचून दाखवून राहिली. "अगं बाई, किती गोड! झोपलंय का बाळ?" मी म्हणलो, "हूं." वरवंटा उठून बसलेला कुणी बघितलाय का? "मुलगा की मुलगी?" आता भरल्या बसमध्ये धोतर-पटक्यातल्या माणसानं काय सांगावं? की बाई, मी छातीला दगड बांधून फिरून राहिलोय? तोंडातून निघून गेलं, "नात हाय." "अय्या! नाव काय?" दुसरं नाव सुचतंय कुठं, म्हणलो, "सृष्टी." "किती दिवसांची?"

मी खाली बघितलं. गाठोडं एवढंसं. म्हणलो, "धा दिवसांची."

तर मागच्या बाकावरून एक म्हातारी, "धा दिवसांची? आन् नाव ठिवलं? बारसं बाराव्याला असतंय की ओ!" तिच्या शेजारची, "सव्वा महिना झाला न्हाई आन् लेकरू घराभाईर?" तिच्या पलीकडची, "आन् माय कुठंय त्याची? पाजणार कोण, हे का?" आन् माझ्याकडं बोट! गोदावरी मॅडम डोळे बारीक करून, "एवढे खड्डे लागले, बाळ एकदाही रडलं नाही... ह्याला काही पाजलंय का तुम्ही?" तेवढ्यात एक मोबाईलवाला ताडकन उठला, "ह्योच! मेसेज फिरून राहिलाय कालपासून! लेकरं पळवणारी टोळी, म्हातारा माणूस, गळ्यात झोळी!"

झालं! कंडक्टर आला, सिद्धराम त्याचं नाव, आडदांड गडी. "आबा, लेकरू द्या हिकडं." मी म्हणलो, "हात लावू नको." आता म्हणाल, तवाच का न्हाई दाखवलं? अहो, पन्नास माणसं अंगावर आल्यावर टोपडं घातलेला वरवंटा काढून दाखवायचा? त्यापरीस चोर बरा! त्यानं डावा पट्टा धरला, मॅडमनं उजवा, मी मधी जुंपल्यावाणी, आन् ड्रायव्हरनं मारला ब्रेक! तिघं एकावर एक. पण पट्टा? एक टाका हलला न्हाई! मी पडल्या पडल्या आधी पट्टाच चाचपला, तर मॅडम ओरडली, "पाहा, पाहा! बाळाला लागलं का ते पाहत नाही, पट्टा पाहतोय!" मी माझी शिलाई बघितली. ह्यात माझं काय चुकलं?

बस गेली सरळ लातूरच्या पोलीस चौकीत. तिथं एक पोलीस पोरगी, बुद्धप्रिया. तिनं झोळी माझ्या अंगावरून अलगद सोडवली, "अलेले, कोण आलंय" करत टोपडं सारलं... आन् खालून काजळाचे डोळे तिच्याकडं टकामका.

"आबा, हे काय हाय?"

"वरवंटा."

तुम्हाला वाटलं असंल, सुटलो. मला पण वाटलं. पण गोदावरी मॅडम! "म्हणजे बाळ मध्येच कुणाच्या तरी हवाली केलं आणि त्या जागी हा ठेवला! मी स्वतः पाहिलंय, पाय हलवत होतं!" पाय! वरवंट्याला! बुद्धप्रियानं वही काढली. "आबा, खरं सांगा, धा दिवसांची सृष्टी कुठंय?" मी म्हणलो, "ती तीन वर्षांची हाय." "आत्ता तर धा दिवसांची होती!" एकेक शब्द बोलून राहिलो आन् एकेक बोट आत चाललो. शेवटी म्हणलो, घरी फोन लावा, आमची मंडळी हाय घरी, ती सांगंल.

लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "हॅलो, चौकीतून बोलतेय. शंकरप्पा तुमचे मालक का?"

तिकडून, "त्ये तुम्ही म्हणा. मी कशी म्हणू?"

"बरं, मग मालकाचं नाव तुम्ही सांगा."

"आमच्यात नाव घेत न्हाईत."

"आजी, एकदाच घ्या, काम अडलंय."

"लगीन झाल्यापासून घेतलं न्हाई ते आता पोलिसाला घिऊ? ठिवा फोन!" आन् ठिवला! मी बाकड्यावर, भिंतीवर साडेअकरा, सुनंचा सगळा धंदा माझ्या गळ्यात, आन् हिनं फोन ठिवला! परत लावला, उचलीना. परत लावला, उचलीना. पावणेबारा. बारा! अहो, शेठ निघाला असंल तिकडं, आन् मी हिकडं वरवंट्याशेजारी बसून राहिलोय, त्यो माझ्याकडं बघून राहिलाय, मी त्याच्याकडं...

मग बारा वाजून गेल्यावर उचलला, तवा ती पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजी, पाया पडते, निदान उखाण्यात तरी घ्या हो!" हां! तिकडं बांगड्या वाजल्या. घसा खाकरला. आन् भर चौकीत माझ्या बायकोचा आवाज असा घुमला की काय सांगू,

"लातूरच्या वाटंवर सोलापूरचा फाटा,
शंकरप्पा गेले वरवंटा घिऊन, घरी उरला पाटा!"

टाळ्या! सिद्धराम वाजवून राहिला, हवालदार वाजवून राहिला, कोपऱ्यात बसवलेला एक पाकीटमार, त्यो पण वाजवून राहिला! मग तिनं सगळं सांगितलं, ताप, रिकामी झोळी, काजळ, सगळं. नाव एकदा घेतल्यावर मोकळीच झाली ती, थांबंना!

पळत सुटलो. गंजगोलाईत पोचलो तवा घड्याळात पाऊण. दुकानातला नोकर म्हणला, "शेठ गेले सोलापूरला. मशीनचा माल ठरवून गेले." मी पायरीवरच बसलो. झोळी मांडीवर. आदल्या दिवशी सृष्टी मला विचारून राहिली होती, "आबा, पुण्याला बैल असतेत का?" काय सांगणार होतो मी तिला? उठावंसंच वाटंना. म्हातारा माणूस, छातीशी वरवंटा धरून, भर बाजारात... जाऊ द्या. उन्हानं डोळ्यात पाणी येतंय माणसाच्या.

तर समोर बुद्धप्रिया! मला हुडकत आलेली. तिच्या मागं सिद्धराम, बस तिकडं उभी करून! त्यो म्हणला, "ताई, मी तालमीतला गडी, सगळ्या ताकदीनं वढला, टाका हलला न्हाई." ती म्हणाली, "आबा, माझं लेकरू चार महिन्यांचं हाय. सासूची कंबर गेलीय, तिला उचलवंना. ही मला देता का?" मी म्हणलो, "नमुन्याची हाय." म्हणाली, "मग नमुनाच द्या." दिली. आठ दिवसांत पोलीस लाईनीतल्या अकरा जणींचे फोन. मग दवाखान्यातल्या नर्सा. आज तुमच्याच गटातल्या सात जणी वर्षाराणीच्या हाताखाली शिवून राहिल्यात, आन् पट्टे मी. मशीन न्हाई विकलं. सृष्टी हितंच हाय, ती काय तिथं माझा चष्मा घालून बसलीय. आलोकशेठचा फोन येतोय आता, वर्षाराणी म्हणती, "थांबा शेठ, नंबर लावावा लागंल."

आन् एकेक जण आला बरं का, माफी मागायला. सिद्धरामनं स्टँडवर चहा पाजला, कान धरले. मोबाईलवाल्यानं बसमध्ये काढलेला माझा फोटो पुसला, माझ्यापुढं पुसला. गोदावरी मॅडम पेढे घिऊन घरी आली, लेकीसाठी एक कॅरिअर घेतलं, म्हणाली, "क्षमा करा हं, पण पाय मात्र हलताना दिसले होते." दिसले तर दिसले. तिनं माफी मागितली, मी सोडून दिलं.

राहिलं एकच माणूस. त्या दिवशी मी घरी आलो तवा दारात उभं होतं. मला वाटलं, विचारंल, जेवलात का? मारलं का कुणी? तर माझ्या हातातून वरवंटा घेतला, उजेडात धरून उलटा-सुलटा बघितला, म्हणालं, "टवका न्हाई ना उडाला? चटणी राहिलीय सकाळपासून." मी म्हणलो, "फोन कामून ठिवलास?" तर माझ्यावरच डोळे, "मग? परक्या माणसापुढं नाव घेताना लाज वाटत न्हाई का मला?" आन् तिकडं पाट्याशी जाऊन बसली.

बघा, ती बघा, दुसऱ्या रांगेत, पदर तोंडाला लावून हसून राहिलीय. आता माफी मागंल, मग मागंल, म्हणून वर्ष झालं वाट बघून राहिलोय. मागणार न्हाई, ठावं हाय मला. पण तुमच्या त्या थकबाकीच्या रजिस्टरात एक ओळ लिहून घ्या म्हणतो मी, शंकरप्पाची माफी मागायची राहिलेली बाई... घेतो, मी पण घेतो नाव... तुळजाबाई, मुक्काम पोस्ट औसा.